पापडखारातलं ब्रेत्सेल

यीस्ट आमच्या घरात आलं आणि चहाला उकळी फुटायच्या आत मोरीतून वाहून गेलं. मी ते स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी आणि साखर घालून ओट्यावर ठेवलं होतं. त्याला हळूहळू फेस चढत होता आणि मी पेल्यात डोकं घालून एकटीच खुदखुदत होते, कारण जर्मनच्या वर्गातल्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते खरोखरच ‘जिवंत’ होतं. तेवढ्यात आई मंडईतून आली. भाजीची पिशवी खाली ठेवता ठेवताच तिचं नाक वर झालं.

“कायचा वास येऊन रायला वं?”

“यीस्टचा. पावाला घालतात ना, ते.”

“मोहाच्या दारूचा वास होय हा. माह्या घरात दारू गाळून रायली का तू?”

मी “अगं आई” म्हणेपर्यंत पेला उपडा झाला होता आणि वर दोन तांबे पाणीही पडलं होतं. आई वर्ध्याकडची. तिच्या माहेरच्या गावाबाहेर मोहाची भट्टी होती आणि तिचे सख्खे मामा त्या भट्टीपायी गेले होते, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी घातला. इडलीचं पीठ आंबतं ते तुला चालतं का, असं विचारलं. तिने शांतपणे पदराला हात पुसले आणि म्हणाली, “थे पीठ आंबते. हे पानी आंबते.”

आम्ही तेव्हा विश्रांतवाडीत राहत होतो, एका चाळवजा इमारतीत, वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आणि पुढे लांब सामाईक गॅलरी. आईला पुण्यात येऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती, पण तिने आपली भाषाही बदलली नव्हती आणि आपलं तिखटही. आमच्या घरून तर्रीदार आमटीचा ठसका निघाला की खालच्या मजल्यावरच्या नसीमचाची खोकत खोकत जिन्यात यायच्या. त्यांच्या सासरची माणसं पुण्यात कित्येक पिढ्यांची. आमच्या सबंध इमारतीत सर्वांत शुद्ध, सर्वांत पुणेरी मराठी कोणाचं असेल तर ते नसीमचाचींचं. “वहिनी, जेवायला बोलावणार असाल तर येते. नुसतंच मारणार असाल तर तसं सांगा,” असं त्या पायरीवरून म्हणायच्या आणि मग आई त्यांना वाटीभर आमटी द्यायची. कुकरच्या शिट्ट्या, आळंदी रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न, गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांवरून चिमण्या हाकलणाऱ्या आईचं “हुश्श हुश्श” हे आमच्या घरचे आवाज. त्यात पूर्वी बाबांची शीळ असायची. त्या वर्षी ती नव्हती.

बाबा कारखान्यात टर्नर होते. लेथवर उभं राहून, लोखंड कातत, त्यांनी सगळं आयुष्य काढलं. मग कारखान्यात नवी, आपली आपण चालणारी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. तिला स्वेच्छा का म्हणायचं, हे बाबांनी एकदाच विचारलं आणि त्यानंतर ते फारसं काही बोललेच नाहीत. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीतल्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे. पेपर जुना असला तरी चालायचा. मला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी “बरं झालं” एवढंच म्हटलं आणि आई पेढे वाटून आली.

माझी नोकरी म्हणजे एक गंमतच होती. बी. कॉम. झाल्यावर मैत्रिणीच्या नादाने मी जर्मन शिकायला गेले होते. “त्या भाषेत भांडणार कोणाशी?” असं नसीमचाचींनी विचारलं होतं. आणि अचानक पुण्यात जो तो संगणकाची कंपनी काढू लागला. आज माझी भाची खराडीत ज्या काचेच्या इमारतीत कामाला जाते तिच्या लिफ्टएवढं आमचं ऑफिस होतं, असं मी म्हटलं तर तिला ती अतिशयोक्ती वाटते. पण स्वारगेटच्या मागे एका सोसायटीतला तो तीन खोल्यांचा फ्लॅट होता. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन संगणक होते, प्रिंटर सिंकशेजारी होता आणि आमचे मालक जोगळेकर सर बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत बसायचे. त्यांना एका जर्मन कंपनीचं काम मिळायची आशा लागली होती. पत्रव्यवहारापुरती म्हणून मला घेतलं होतं, तेही आधी कच्चं. हे काम मिळालं तर पक्कं.

त्यासाठी जर्मनीहून हेर क्राउस आले. हेर म्हणजे त्यांच्याकडचं ‘श्रीयुत’. उंच, वाकलेले, साठीकडे झुकलेले गृहस्थ. यंत्रशाळांसाठी ते संगणकाची प्रणाली बनवत. कोणतं हत्यार कधी झिजतं, कधी बदलायचं, असा हिशेब ठेवणारी. त्यातला एक भाग आमच्याकडून करून घ्यायचा विचार होता. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या ऑफिसातल्या मुलांना विचारलं, “तुमच्यापैकी लेथवर काम कोणी केलंय?” मी भाषांतर केलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी एकजण म्हणाला, “कॉलेजात होता सर एक लेथ. हजेरीपुरता.” ते मी जर्मनमध्ये कसं सांगितलं देव जाणे, पण हेर क्राउस त्यानंतर हसले नाहीत. जेवायलाही तयार नव्हते. हॉटेलातली भाजी पाहिली की त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते केळी खायचे. सकाळी केळी, दुपारी केळी. जोगळेकर सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “वैशाली, याच्याशी काहीतरी खाण्यापिण्याचं बोल. हा उपाशी परत गेला तर आपणही उपाशी.”

म्हणून मी चकलीबद्दल बोलले. बोलायला गेले चकलीबद्दल. चकलीला जर्मन शब्द नाही, तेव्हा मी वर्णन केलं: पिठाची असते, पिळलेली असते, खारट असते, आमच्या घरी आई करते. हेर क्राउस खुर्चीतून जवळजवळ उठले. “ब्रेत्सेल!” हा शब्द मला आमच्या पाठ्यपुस्तकात भेटलेला नव्हता. मला वाटलं चकलीला त्यांच्याकडे ब्रेत्सेल म्हणत असावेत, आणि मी आनंदाने म्हटलं, “हो, हो, ब्रेत्सेल!” मग त्यांनी भराभर विचारलं, मऊ असतं का? मऊ म्हणजे ताजं असं मला वाटलं. मी हो म्हटलं. वरून तपकिरी? अर्थात! जोगळेकर सर मागून हातवारे करत होते, बोलाव, बोलाव. मी बोलावलं. रविवारी दुपारी हेर क्राउस आमच्या घरी आईच्या हातचं ब्रेत्सेल खायला येणार असं ठरलं. संध्याकाळी मी जर्मनच्या बाईंकडे गेले, त्यांनी कपाटातून पाककृतींचं पुस्तक काढलं आणि त्यातलं चित्र माझ्यापुढे धरलं. हाताची घडी घातलेल्या माणसासारखा, गुबगुबीत, चकाकणारा पाव होता तो. चकली नव्हे. बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी पुस्तकच माझ्या हवाली केलं.

यीस्ट नसीमचाचींनी आणलं होतं, त्यांच्या भावाच्या बेकरीतून. ते मोरीत गेल्याचं कळल्यावर त्या वर आल्या, पुस्तकातलं चित्र चष्म्याखालून पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढ्या गाठी मारून खायचं असेल तर नाडी काय वाईट?” पण मग त्याच म्हणाल्या की यीस्टचा एवढा काय सोस, आम्ही घरी नान करतो ते दही आणि सोड्यावरच फुगतं की. आईला हे पटलं. दही शुद्ध, सोडा शुद्ध, दारूचा संबंध नाही. तिने परातीत मैदा घेतला, मीठ, चिमूट साखर, बेकिंग पावडर, थोडा सोडा, घट्ट दही, आणि तुपाचं मोहन. अशा काही ताकदीने तिने ते मळलं की ओट्यावरची भांडी वाजू लागली. मग ओल्या फडक्याखाली गोळा ठेवून आम्ही दोघी पिळायच्या तयारीला लागलो, आणि तिथे सगळं फिसकटलं. पुस्तकात पाच छोटी चित्रं होती. पहिल्या चित्रात दोरी, शेवटच्या चित्रात ब्रेत्सेल, मधली तीन कुठल्यातरी जादूगाराने काढलेली. माझं पहिलं ब्रेत्सेल बेडकासारखं झालं. आईचं मात्र अगदी गणपतीच्या सोंडेसारखं. तिने ते हातावर घेऊन डोलवून दाखवलं आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून हसायला लागलो. आई हसली की आवाज करत नसे, नुसती हलायची, आणि डोळ्यांतून पाणी. मी तिच्याकडे बघून आणखी हसत होते. किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. वर पाहिलं तर दारात बाबा. हातात पेपर.

“काय चाललंय?”

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी पेपर खुर्चीवर ठेवला, चित्रं पाहिली, पुस्तक आडवं केलं, पुन्हा उभं केलं. आणि म्हणाले, “फिक्श्चर लागेल.”

त्या वर्षात मी त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला नवा शब्द. फिक्श्चर म्हणजे काम हलू नये आणि दर वेळी सारखंच व्हावं म्हणून यंत्रावर बसवायचा साचा. बाबांनी माळ्यावरून आपली हत्यारांची पेटी काढली, जुन्या पाटावर खिळे ठोकले, त्यांच्यावर माझ्या सायकलची रबरी नळी कापून बसवली, आणि कणकेची दोरी या खिळ्याभोवती, मग त्या, मग एक पीळ, मग टोकं खाली दाबून, अशी फिरवली की ब्रेत्सेल तयार. आई टाळ्या वाजवू लागली. मग त्यांनी पेटीतून व्हर्नियर कॅलिपर काढला. पोलादी तुकड्याची जाडी केसाच्या अंशापर्यंत मोजायचं ते साधन. बाबा त्याने कणकेची दोरी मोजत होते.

“अवो, खायचं होय थे,” आई म्हणाली. “त्याले का यंत्रात बसवता?”

“मधे जाड, टोकाला बारीक. चित्रात आहे तसं,” बाबा म्हणाले. “दर एक सारखं झालं पाहिजे. नाहीतर एक जळेल आणि एक कच्चं राहील.” आणि त्यांनी शीळ घालायला सुरुवात केली. आई आणि मी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर ती थांबली असती असं आम्हाला वाटलं असावं.

भाजायच्या आधी ही ब्रेत्सेलं सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवायची होती, त्यानेच तो तपकिरी रंग येतो. पण सोड्याचं पाकीट कणीक मळतानाच संपलं होतं आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरचा वाणी दुकान बंद करून लग्नाला गेला होता. आईने फळीवरून पापडखाराचा डबा काढला. “पापडाले रंग येते तर याले काऊन नाही येनार?” तिचा युक्तिवाद संपेपर्यंत पाण्याला उकळी आली होती. झाऱ्यावरून एक ब्रेत्सेल आत सोडलं. ते बुडालं, मग तरंगून वर आलं, फुगलेलं, तुकतुकीत. वर खडे मीठ भुरभुरून ते आमच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये ठेवलं. झाकणाला काचेची खिडकी असलेला तो ओव्हन तेव्हा घरोघरी असे आणि त्यात नानकटाईखेरीज काही होत नसे. आम्ही तिघं त्या खिडकीवर डोकी लावून उभे राहिलो. आधी पिवळं, मग बदामी, मग बाबांच्या बुटासारखा लखलखीत तपकिरी रंग. आई कुजबुजली, “आलं गं बाई.” नंतर मला कळलं की खऱ्या ब्रेत्सेललाही क्षाराचंच पाणी लागतं, आणि पापडखार साध्या सोड्यापेक्षा त्या कामाला सरस असतो. आम्हाला तेव्हा काहीच कळत नव्हतं. आम्ही नुसते खूश होतो.

रविवारी हेर क्राउस टाय लावून आले. आईने नाव नीट विचारून घेतलं, मनाशी घोळवलं आणि “या, बसा हरिभाऊ” असं स्वागत केलं. त्या दिवसापासून आमच्या घरात ते हरिभाऊच. पहिली ताटली ओव्हनमध्ये गेली, आईने त्याच वेळी सरबतासाठी मिक्सर लावला, खालच्या मजल्यावर कोणीतरी इस्त्री लावली असणार, आणि फट्ट झालं. अख्ख्या इमारतीचा मुख्य फ्यूज उडाला. ओव्हनच्या खिडकीतून पांढरीफटक ब्रेत्सेलं आमच्याकडे बघत होती. जोगळेकर सर, पक्की नोकरी, केळी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी जर्मनमध्ये क्षमा मागायला लागले तर क्रियापद सापडेना. बाबांनी मात्र पेटीतून पक्कड, पेचकस आणि फ्यूजची तार उचलली आणि ते जिना उतरले. आणि हेर क्राउस? त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि बाबांच्या मागोमाग निघाले.

जिन्याखाली मीटरची पेटी. बाबा आत वाकलेले, हेर क्राउस त्यांच्या डोक्यावरून टॉर्च धरून उभे, आणि भोवती सगळी इमारत जमलेली, मुलं कठड्यावरून लोंबकळलेली. नसीमचाची दाराशी येऊन म्हणाल्या, “अहो, फ्यूजसाठी परदेशातून माणूस कशाला बोलावलात? वीज मंडळात फोन केला असता तर पुढच्या आठवड्यात आलेच असते.” मी ते भाषांतर केलं. हेर क्राउस इतके मोठ्याने हसले की टॉर्चचा झोत छतावर गेला आणि बाबा आतून ओरडले, “लाइट, लाइट!” बाबांनी न बघता हात मागे केला. हेर क्राउसनी न विचारता त्यात पक्कड ठेवली. दोन्ही भाषा येणारी तिथे मी एकटीच होते, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. तार बसली, खटका वर गेला, वरच्या मजल्यावर आमचा मिक्सर एकटाच गरगरू लागला आणि मुलांनी आरोळी ठोकली.

ब्रेत्सेलं झाली. आईने ती ताटात मांडून समोर ठेवली, शेजारी घरचं लोणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हेर क्राउसनी एक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला, चावा घेतला. आई पदर तोंडाशी धरून बघत होती. ते बराच वेळ चावत राहिले. मग मान हलवून मला म्हणाले, “हे ब्रेत्सेल नाही.” मला ते सांगवेना. आई म्हणाली, “काय म्हनते हरिभाऊ?” तेवढ्यात त्यांनी दुसरं उचलून त्यावर भाजीसारखा चांगला चमचाभर ठेचा घेतला. मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. त्यांचा चेहरा लाल झाला, कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, आईने लोण्याचा गोळाच त्यांच्या हातावर ठेवला. तो तोंडात टाकून, नाक पुसून, ते म्हणाले, “हे ब्रेत्सेल नाही. आणखी आहेत का, विचार आईंना.” त्यांनी किती खाल्ली ते आईने मोजू दिलं नाही, पाहुण्याचं मोजू नये म्हणून.

मग त्यांनी ताटात उरलेली शेजारी शेजारी लावली आणि बघत राहिले. सगळी तंतोतंत सारखी. कोणी केली, त्यांनी विचारलं. बाबांनी संकोचून पाट आणला, खिळे दाखवले, व्हर्नियर दाखवला. हेर क्राउसनी व्हर्नियर हातात घेतला, त्याचे जबडे मिटून उजेडाकडे धरले, फट दिसते का ते पाहिलं. मग आपल्या तळहातावरचा एक जुना पांढरा व्रण दाखवला. संगणकाकडे वळण्याआधी तेही उमेदवारीत लेथवर होते. बाबांनी आपल्या मनगटावरचा व्रण दाखवला. त्यानंतर चक, टेलस्टॉक, थ्रेड असे लेथवरचे शब्द, हातवारे, आणि जुन्या पेपरवर पेन्सिलने काढलेल्या आकृत्या. बाबांनी हत्यार बोथट झालं की आवाज कसा बदलतो ते तोंडाने काढून दाखवलं. आधी सरळ किर्रर्र, मग जरासं कापरं. हेर क्राउसनी डोळे मिटून ऐकलं आणि मला म्हणाले, “तुझ्या ऑफिसातल्या मुलांना हे कोण सांगणार?”

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बाबा माझ्या घरचे होते आणि ऑफिस ऑफिसच्या ठिकाणी.

सोमवारी हेर क्राउसनी जोगळेकर सरांना सांगितलं की काम देतो, पण ज्याने लेथ चालवलाय असा माणूस या मुलांच्या शेजारी बसला पाहिजे. असा माणूस मी काल वैशालीच्या घरी पाहिला, असंही ते म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू येत होतं की हसू ते कळत नव्हतं, आणि भाषांतर तर करायचं होतं.

बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. “मला संगणक येत नाही,” म्हणाले. “त्या पोरांनाही लेथ येत नाही, फिटंफाट,” असं नसीमचाचींनी जिन्यातून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मोरीत दाढीचं सामान, आणि आई दोन डबे भरत होती. त्यांनी तोच इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. बसथांब्यावर आम्ही शेजारी उभे राहिलो. इतक्या सकाळी मी त्यांच्याबरोबर शाळेत जायच्या वयानंतर कुठे गेलेच नव्हते. बस गच्च भरून आली. रेटारेटीत मी पुढे लोटली गेले आणि ते मागे राहिले. कंडक्टर “कुठं, कुठं” करत त्यांच्यापर्यंत पोचला, आणि त्या सगळ्या गर्दीच्या डोक्यांवरून मला बाबांचा आवाज ऐकू आला. कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेला, खणखणीत.

“दोन स्वारगेट! एक माझं, आणि ती पुढे उभी आहे ना, तिचं. आम्ही दोघं ऑफिसला चाललोय.”